साठीच्या सुमारास एकट्याने बहुदिवसीय पायी भटकंती : या चुका टाळा

बेळगाव परिसरात चालणाऱ्या माणसांची वाण नाही. आषाढीला पंढरपूरची वाट धरणारे आहेत, सौंदत्तीच्या यल्लम्माला पायी जाणारे आहेत आणि पहाटे कॅम्पातल्या झाडांखालून नेमाने फेऱ्या मारणारे निवृत्त लोक तर शेकड्यांनी आहेत. नोकरी संपली, मुले मार्गी लागली, की यांपैकी काहींना पाठीवर सॅक घेऊन तीन-चार दिवस एकट्यानेच चालत राहावे असे वाटू लागते. मी स्वतः वयाच्या ५८ व्या वर्षी सुरुवात केली आणि पहिल्या दोन वर्षांत पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका केल्या.

वारी चाललो, म्हणजे हेही जमेल

ही समजूत आपल्या भागात सर्वांत जास्त आढळते आणि तीच सर्वांत जास्त फसवते. दिंडीत सामान ट्रकमध्ये असते, जेवण पंगतीत मिळते, वाट पिढ्यानपिढ्यांची असते आणि पाय मुरगळला तर धरायला दहा हात पुढे येतात. एकट्याच्या भटकंतीत हे सगळे आपल्याच पाठीवर आणि आपल्याच डोक्यावर येते. वारीने चालण्याची सवय दिलेली असते, हे खरे. परंतु ओझे घेऊन चालण्याची आणि थकलेल्या अवस्थेत एकट्याने निर्णय घेण्याची सवय ती देत नाही.

पहिल्या दिवसाच्या उत्साहावर आखलेला कार्यक्रम

माझा पहिला बेत बेळगावहून खानापूर, तेथून नंदगड आणि मग हलशी असा होता. खानापूर सुमारे २६ किलोमीटर. रस्ता डांबरी, मोठा चढ नाही, म्हणून तो एका दिवसाचा टप्पा धरला. पाठीवर १३ किलो वजन होते. संध्याकाळी उजेड असतानाच पोहोचलो आणि घरी फोन करून थोडी फुशारकीही मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या इमारतीचे जिने मला कठडा धरून, तिरके होऊन उतरावे लागले. नंदगड बसनेच गाठले. हलशीची कदंबकालीन मंदिरे त्या खेपेस पाहायची राहिली.

सवय नसलेल्या श्रमानंतर स्नायूंचे दुखणे त्याच दिवशी नव्हे, तर साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळसाला पोहोचते, आणि वाढत्या वयात स्नायूंची झीज भरून यायलाही वेळ जास्त लागतो. म्हणून एका दिवसाच्या ट्रेकमध्ये जी चूक खपून जाते, ती बहुदिवसीय चालण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी समोर उभी राहते. टप्पे आखताना पहिल्या दिवशी आपण किती चालू शकतो हे न पाहता, दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी किती चालू शकू यावरून मोजमाप करावे. वेळेच्या अंदाजासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तो धडधाकट माणसासाठी आणि विश्रांती न धरता आहे. मी येणाऱ्या उत्तरात निम्मा वेळ वाढवतो आणि तरीही अनेकदा उशीर होतो.

तयारीची परीक्षाही दोन दिवसांचीच असावी. शनिवारी भरलेली सॅक घेऊन येळ्ळूरचा राजहंसगड चढावा आणि रविवारी पुन्हा त्याच सॅकसह तोच चढावा. शनिवारच्या वेळेवरून काहीच कळत नाही. रविवारी गुडघे काय म्हणतात, ते ऐकावे.

सॅकचे वजन आणि ती बांधण्याची पद्धत

शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत ओझे चालते, असे सर्रास सांगितले जाते. ती वरची मर्यादा आहे. उशिरा सुरुवात करणाऱ्याने पाण्यासह नऊ-दहा किलोंच्या आत राहावे, असे माझे मत आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे दोन लिटर पाणी घेतल्यावर इतर सर्व गोष्टींना सात-आठ किलोच उरतात. आपल्या पिढीला ‘असू द्या, लागेल’ म्हणून वस्तू भरण्याची सवय आहे. प्रत्येक भटकंतीनंतर न वापरलेल्या वस्तूंची यादी करावी आणि औषधे, विजेरी व पावसाळी कपडे वगळता बाकीच्या पुढच्या वेळी घरी ठेवाव्यात.

सॅक घालताना आधी कंबरपट्टा आवळावा, नंतर खांद्यांचे पट्टे ओढावेत. पट्टा पोटावर नव्हे, तर कंबरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांवर बसला पाहिजे. खांदे दुखत असतील, तर बहुधा पट्टा खाली घसरलेला असतो आणि सगळे वजन खांद्यांवर आलेले असते. हाताच्या बोटांना मुंग्या येत असतील, तर खांद्यांचे पट्टे सैल करावेत. मांडीची बाहेरची बाजू बधिर होत असेल, तर कंबरपट्टा फार घट्ट आहे. चालताना तोल मागे जात असेल, तर जड वस्तू पाठीपासून दूर किंवा अगदी वर भरल्या गेल्या आहेत. त्या पाठीला चिकटून मध्यभागी ठेवाव्यात.

खाण्याबाबत आपल्याकडे फारशी अडचण नाही. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ही वजनाला हलकी, न नासणारी शिदोरी उत्तर कर्नाटकात पूर्वापार आहे. एकट्यापुरत्या दोन-तीन दिवसांसाठी शेगडी आणि भांडी वाहून नेण्याची गरज मला कधी भासली नाही.

उतार आणि पाय

चढावर दम लागतो म्हणून आपण चढाला भितो. गुडघे मात्र उतारावर बिघडतात, कारण प्रत्येक पावलाला मांडीच्या स्नायूंना ताणत-ताणत वजन रोखून धरावे लागते. दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात, उतारावर त्यांची लांबी पाच-दहा सेंटिमीटरने वाढवावी आणि पावले लहान टाकावीत. काठी घेण्यात कमीपणा मानणारे गृहस्थ मला भेटतात. त्यांच्यातले बरेच जण पुढे गुडघ्याला पट्टा बांधून भेटतात.

दिवसभराच्या चालीने पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी विकत घ्यावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी. उतारानंतर अंगठ्याचे नख काळे पडत असेल, तर पाऊल बुटात पुढे सरकत आहे. घोट्याजवळची नाडी घट्ट बांधावी. पायाला कोठेही चुरचुर जाणवताच त्याच क्षणी थांबून तेथे चिकटपट्टी लावावी, ‘पुढच्या गावात बघू’ म्हणू नये. मधुमेह असणाऱ्यांना ही चुरचुर जाणवतच नाही असे होऊ शकते. त्यांनी रोज संध्याकाळी तळपाय आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने तपासावेत आणि फोड स्वतः फोडू नयेत.

शरीराच्या सूचना

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. तहान लागेल तेव्हा पाणी पिऊ, असे ठरवले तर उशीर होतो. ठरावीक वेळाने घोट घ्यावा. लघवी गडद होणे, डोके जड होणे, विनाकारण चिडचिड होणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे आहेत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, तर काहींमुळे नाडीचा वेग वाढू शकत नाही आणि चढावर अकाली थकवा येतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना ‘रोज सहा तास ओझे घेऊन चालणार आहे’ असे नेमक्या शब्दांत सांगावे. अशा गोळ्या चालू असताना आणि अंगात पाणी कमी असताना अंगदुखीवर आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातापर्यंत जाणारी कळ, थंड घाम यांना पित्त समजून चालत राहू नये. बसावे आणि ११२ वर फोन करावा.

रात्री लघवीसाठी उठताना झटकन उभे राहू नये. आधी मिनिटभर बसावे, विजेरी लावावी आणि बूट झटकून मगच पाय घालावा. विंचवाचा धोका आपल्या भागात काल्पनिक नाही.

रान, परवानगी आणि हंगाम

खानापूरच्या पश्चिमेचे जंगल जवळचे आणि ओळखीचे वाटते, म्हणून तेथे परवानगीशिवाय शिरण्याची चूक होते. भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. तेथे वन खात्याच्या परवानगीविना जाणे आणि तंबू ठोकणे बेकायदेशीर आहे. गवे, अस्वले आणि बिबटे तेथे आहेत. एकट्याने अनेक दिवस चालायचे असेल, तर गावाहून गावाला जाणारी वाट निवडावी. चंदगड तालुक्यातील महिपाळगड, गंधर्वगड, पारगड या किल्ल्यांवर वस्ती आहे, त्यामुळे दिवसाअखेर माणसांत पोहोचता येते. खानापूर-चंदगडच्या खेड्यांत मराठी चालते. तरी ‘नीरु एल्लिदे?’, म्हणजे पाणी कुठे आहे, एवढे कन्नड तोंडात असावे.

पावसाळ्यात कणकुंबी-आमगावच्या बाजूला पाऊस प्रचंड असतो, ओढे तासाभरात चढतात. एकट्याने ओढा ओलांडू नये, मग मुक्काम हुकला तरी चालेल. डिसेंबर ते मे हा माकडतापाचा हंगाम. गोचिडींमधून पसरणारा हा आजार १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला आणि अलीकडच्या काळात गोव्यातील सत्तरी व सिंधुदुर्गातही आढळला आहे. पूर्ण बाह्या, मोज्यात खोवलेली विजार आणि संध्याकाळी अंगाची तपासणी हे आवश्यक आहे. परतल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आल्यास रानात गेलो होतो, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

घरी काय सांगून निघावे

‘फोन करीन’ एवढे पुरेसे नाही, कारण जांबोटी-कणकुंबीकडच्या कित्येक भागांत मोबाइलला रेंज नसते आणि रेंजच नसेल तर ११२ सुद्धा लागत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे परदेशी व्हिडिओंमध्ये पाहून मागवण्याचा मोह होतो. भारतात ती दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा ठरू शकतो. म्हणून कागदच उपयोगी पडतो. त्यावर प्रत्येक दिवसाची वाट, मुक्कामाचे गाव, तेथील शेवटच्या बसची वेळ आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला फोन करायचा, हे लिहावे. आमच्या घरी ही वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी दहा अशी ठरली आहे. आधी ती रात्री आठ होती; तेव्हा रेंज शोधण्यासाठी मी दोनदा अंधारात टेकडी चढलो होतो.