सुरुवात भाषणांपासून करा

मी मार्क्स वाचायला घेतला तेव्हा थेट ‘कॅपिटल’चा पहिला खंड उघडला. 20 वार लिनन बरोबर 1 कोट, या समीकरणापाशी महिनाभर अडकले आणि पुस्तक कपाटात गेलं. वडील गिरणीत साचाखात्यात होते, म्हणजे गोष्ट कापडाचीच होती. तरी ती मला आपली वाटेना.

आता लालबागला आमच्या वाचनगटात कुणी नवं आलं, की आम्ही आधी दोन भाषणं हातात देतो. ‘वेतनी श्रम आणि भांडवल’ हे मार्क्सने 1847मध्ये ब्रुसेल्सला जर्मन कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानांवरून तयार झालं. ‘मूल्य, किंमत आणि नफा’ हे 1865चं, लंडनमधलं. पगारवाढ मागून उपयोग नाही, असं वेस्टन नावाचा एक सहकारी म्हणत होता. त्याला दिलेलं ते उत्तर. ऐकणाऱ्यांसाठी लिहिलंय, म्हणून मोठ्यानं वाचा. एका बैठकीत चार-पाच पानं पुरेत.

दुसऱ्या भाषणातला सूत कातणारा कामगार मात्र घाईत सोडू नका. त्याची दिवसाची मजुरी 3 शिलिंग. तेवढं मूल्य तो 6 तासांत तयार करतो, पण राबतो 12 तास. उरलेल्या 6 तासांचं जे मालकाकडे जातं, ते वरकड मूल्य. कागदावर स्वतः आकडे मांडा. कामगार श्रम विकत नाही, श्रमशक्ती, म्हणजे काम करण्याची क्षमता विकतो, हा फरक इथे कळतो. मार्क्सचा मित्र आणि सहलेखक एंगल्सने ‘वेतनी श्रम आणि भांडवल’च्या 1891च्या आवृत्तीत हीच दुरुस्ती केली, म्हणून ती आवृत्ती घ्या.

मग मार्क्स-एंगल्सचा ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’. 1872ची प्रस्तावना आधी वाचा; दुसऱ्या प्रकरणाअखेरचे उपाय आता वेगळ्या शब्दांत मांडावे लागतील, असं तिथे लेखकांनीच म्हटलंय. लेनिनचं ‘राज्यसंस्था आणि क्रांती’ त्यानंतर, पॅरिस कम्यूनची, म्हणजे 1871मध्ये तिथल्या कामगारांनी काही आठवडे चालवलेल्या सत्तेची, माहिती करून घेऊन.

‘कॅपिटल’साठी खुद्द मार्क्सचा सल्ला आहे. 1867मध्ये त्याने हॅनोव्हरच्या डॉक्टर कुगेलमानना कळवलं होतं, की तुमच्या पत्नीला कामाचा दिवस, सहकार्य, श्रमविभागणी व यंत्रं आणि आदिम संचय (भांडवल सुरुवातीला कसं जमलं) ही प्रकरणं आधी वाचायला सांगा. कामाच्या दिवसावरच्या प्रकरणात मेरी अ‍ॅन वॉकली भेटते. वीस वर्षांची, लंडनमध्ये शिवणकाम करणारी. सलग साडेसव्वीस तास काम करून 1863मध्ये गेली. ते पान वाचून झाल्यावर आमच्याकडे बराच वेळ कुणी बोलत नाही.

गटात ऑर्डरमागे पैसे मिळणारी डिलिव्हरीची मुलंही येतात. ती विचारतात, आमचे तास कोण मोजतं? माझे वडीलही पीसरेटवर होते, त्यांचाही हाच प्रश्न होता. त्यासाठी नगावरच्या मजुरीचं प्रकरण आहे, अगदी छोटं. ती मजुरी म्हणजे तासाच्याच मजुरीचं बदललेलं रूप, हे मार्क्स तिथे दाखवतो. हे प्रकरण वाचताना आपल्या आठवड्याच्या कमाईचा हिशेब शेजारी ठेवा. लिनन आणि कोट त्यानंतर.