द्राक्षनिर्यातीत उर्वरित अंशाची अडचण कशी सुटली: माझा अनुभव

युरोपात द्राक्षे पाठवणाऱ्या बागायतदाराला गोडी आणि मण्याच्या आकारापेक्षा औषधांच्या उर्वरित अंशाची चिंता अधिक असते. आमच्या निफाड भागातील बागेची ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, नोंदणी होती. तरीही अधिकृत नमुन्याआधी मी खासगी प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली, तेव्हा अहवालात क्लोरपायरीफॉस आढळले. युरोपीय संघाने 2020 मध्ये या कीटकनाशकाची मान्यता संपवली आणि द्राक्षासाठी त्याची मर्यादा किलोमागे 0.01 मिलिग्रॅम केली, म्हणजे मोजता येईल इतकाही अंश चालत नाही.

फवारणी नोंदवहीत या औषधाची एकही नोंद नव्हती. ओळीनिहाय वेगळे नमुने दिल्यावर, भाड्याचा ब्लोअर (ट्रॅक्टरवरचे फवारणी यंत्र) जिथून सुरू झाला त्याच ओळींत अंश जास्त असल्याचे दिसले. तो ब्लोअर त्याआधी देशांतर्गत बाजाराच्या बागेत पिठ्या ढेकूण या किडीसाठी वापरला गेला होता आणि टाकीच्या तळाशी, गाळणीत व नळ्यांत औषध शिल्लक राहिले होते. तेवढ्या ओळींचा माल आम्ही स्थानिक बाजारासाठीही काढला नाही, तो वेगळा ठेवला. उरलेल्या बागेचा नमुना स्वच्छ आला आणि पुढे अधिकृत तपासणीतही उत्तीर्ण झाला.

आता निर्यातीच्या बागेसाठी ब्लोअर स्वतंत्र आहे. भाड्याचा घ्यावाच लागला, तर टाकी रिकामी करून, गाळणी आणि नोझल सुटे करून धुतल्याशिवाय तो बागेत शिरत नाही.