पुश करण्याआधी कमिट आवरून घ्या

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन; त्यातली एक नोंद म्हणजे कमिट, आणि कमिट सर्व्हरवर पाठवणं म्हणजे पुश. आमच्या टीममध्ये कोडचा रिव्ह्यू बहुतेक वेळा माझ्याकडे येतो. ‘फिक्स’, ‘परत फिक्स’, ‘टायपो’ अशा कमिटची रांग असली की कोणता बदल कशासाठी केला हे शोधण्यातच वेळ जातो.

शेवटच्याच कमिटमध्ये काही राहिलं असेल तर फाइल ॲड करून ‘गिट कमिट --अमेंड’ द्या, काम झालं.

शेवटच्या चार एकत्र करायच्या असतील तर ‘गिट रिबेस -आय हेड~४’ (रिबेस म्हणजे कमिटची रांग नव्याने मांडणं). एडिटरमध्ये यादी उघडते. इथे नीट बघा, कारण गिट लॉगच्या (कमिटच्या नेहमीच्या यादीच्या) उलट सर्वांत जुनी कमिट वर असते. समजा वर ‘जीएसटीचं राउंडिंग दुरुस्त’ आहे आणि खाली तीन किरकोळ दुरुस्त्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘पिक’, म्हणजे ‘ही कमिट ठेवा’, असं असतं; वरचा ‘पिक’ तसाच ठेवा. खाली त्याऐवजी ‘स्क्वॉश’ लिहिलंत तर त्या वरच्या कमिटमध्ये मिसळतात आणि सगळे संदेश एकत्र समोर येतात, हवे तसे बदला. ‘फिक्सअप’ लिहिलंत तर त्यांचे संदेश गळून जातात. ‘टायपो’ कोणाला वाचायचंय? मी फिक्सअपच वापरते. पण राउंडिंग आणि लॉगिनचं काम एकाच कमिटमध्ये कोंबू नका. उद्या त्यातलं एकच मागे घ्यायचं झालं तर पंचाईत होते.

मध्येच गोंधळ उडाला तर ‘गिट रिबेस --अबॉर्ट’. नंतर लक्षात आलं तर ‘गिट रिफ्लॉग’मध्ये, म्हणजे तुमच्या मशीनवरच्या हालचालींच्या नोंदीत, जुनी कमिट सापडते.

इतरही काम करत असलेल्या ब्रांचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) ही आवराआवर करू नका. स्वतःची ब्रांच आधीच पुश केली असेल तर साध्या फोर्सऐवजी (सर्व्हरवरचं सरळ पुसून टाकणाऱ्या पुशऐवजी) ‘--फोर्स-विथ-लीज’ द्या.