खुर्चीला किती चपला?
खुर्ची, तिवई चपला घालतात अशा गमतीचं चित्रांचं पुस्तक घरीच करायचंय? ए-फोरचे 4 कागद एकात एक घालून दुमडले की 16 पानांचं पुस्तक होतं. मुखपृष्ठ-मलपृष्ठ सोडून चित्रांना 14 पानं. 75 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचा) कागद नको, स्केचपेनची शाई मागं उमटते. 120 चा घ्या. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही, म्हणून दाभणानं घडीवर 3 भोकं पाडून दोऱ्यानं शिवा, गाठ मधल्या भोकाशी. घडीलगत 1 सेंमी कोरं ठेवा, नाहीतर खुर्चीचा पाय शिवणीत जातो. आणि गंमत सगळी पायांतच! कोल्हापुरी चपला घालायच्या तर खुर्चीला 2 जोड लागतात, तिवईला दीड. तिवईच्या दुसऱ्या जोडातली ती उरलेली एक चप्पल तिसऱ्या पानावर खुळ्या कपाटाखाली दडवा, पंधराव्या पानावर सापडू दे.