पुंगळी कुठून पडली?

साउंडच्या कामाला लागून मला तिसरा आठवडा होता. एका क्राइम फिल्ममधला शेवटचा गोळीबार मी रात्रभर बसून सजवला. प्रत्येक गोळीमागे फरशीवर पडणारी काडतुसाची रिकामी पुंगळी, टण्ण टण्ण, तीही या कानातून त्या कानात घरंगळणारी. सकाळी सरांनी पहिल्याच शॉटला स्पेसबार दाबला.

"हातात काय आहे गं त्याच्या?"

"गन."

"कुठली?"

मी गप्प.

"रिव्हॉल्वर आहे ती. मग पुंगळी कुठून पडली?"

रिव्हॉल्वरमध्ये गोळी सुटली तरी रिकामी पुंगळी चक्रीतच राहते, ती नंतर काढावी लागते. आपोआप बाहेर उडते ती पिस्तुलातून, बहुतेकदा उजवीकडे. त्या दिवशी मी पुंगळीचा एकेक आवाज शोधून काढून टाकला, आणि तेव्हापासून आवाजांची लायब्ररी उघडायच्या आधी शॉट थांबवून हत्यार बघायची सवय लागली. फोली (पडद्यावरच्या हालचालींचे आवाज स्टुडिओत करणं) किंवा इफेक्ट्स एडिटिंगला येणार असाल तर तुम्हीही आधी तेच करा. ग्लॉक पिस्तुलाचं बघा. मुंबईच्या टपोरी भाषेत अख्ख्या पिस्तुलाला घोडा म्हणतात, पण ग्लॉकला मागे बाहेरून दिसणारा, ओढायचा घोडाच (हॅमर) नसतो. तरी हिरोने ते रोखलं की घोडा ओढल्याचा 'खट्ट' टाकायचा मोह सगळ्यांना होतो. हात नुसता वळला तरी खुळखुळणारी बंदूक तर मला भंगारातलीच वाटते.

सायलेन्सरचा 'फुस्स' हा निव्वळ सिनेमाचा शोध. पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास. सायलेन्सर त्यातले वीस-तीस कमी करतो. उरतात १३० च्या पुढे-मागे, म्हणजे शेजारच्या खोलीतला माणूस दचकून उठेलच. पण पूर्ण खरं केलं तर दिग्दर्शक म्हणतो, "सायलेन्सर लावल्यासारखं वाटत नाही." मी 'फुस्स'च्या खाली एक कोरडा ठोका दडवते.

अंतराचं गणितही एकदा डोक्यात बसवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, फिल्म सेकंदाला २४ फ्रेम. शंभर मीटरवरच्या गच्चीवरून झाडलेल्या गोळीची ठिणगी आधी दिसते, बार सात फ्रेमनंतर ऐकू येतो. मी सहसा चारच फ्रेम सरकवते. सात सरकवल्या की लोकांना सिंक, म्हणजे चित्र-आवाजाचा मेळ, गेल्यासारखं वाटतं.

आणि गोळीच्या आवाजापेक्षा त्याच्या नंतरचं जास्त ऐका. चाळीत गोळी सुटली तर आधी कावळे उठतील, कुत्री भुंकतील, कुणीतरी म्हणेल, फटाके वाजले. किंकाळी त्याच्याही नंतर. गोळीच्या आधीचंही तितकंच लागतं. त्यासाठी मी एकदा गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत बसून नुसती दुपार रेकॉर्ड केली होती: कुकरची शिट्टी, रेडिओ, दोरीवर झटकलेलं ओलं कापड. गोळीबाराच्या आधी तेच लावलं आणि बार न वाढवता मोठा वाटायला लागला.

आता मारामारी. सेटवर रेकॉर्ड झालेला ट्रॅक पहिल्यांदा सोलो करून, म्हणजे एकटाच, ऐकाल तेव्हा हसू येईल. ठोसा नाकासमोरून नुसता हवेत जातो, कॅमेऱ्याचा कोन मधलं अंतर लपवतो, आणि ट्रॅकवर ऐकू येते फक्त बुटांची घासाघीस नि फाइट मास्टरची हाक: "हां... पकड... घे!" बाकी सगळं आपण घालायचं. कोबीचा गड्डा, ओला टॉवेल, सोफ्याची जुनी रेक्झिनची गादी यांवर माझी पहिली दोन वर्षं गेली. हाड मोडायचं असेल तर सेलरीचा दांडा.

खरा ठोसा ढिशुम वाजत नाही. तो दबका, ओल्या पिठावर हात पडल्यासारखा असतो. थप्पड उलट जास्त वाजते. खऱ्या भांडणात ठोसे बरेचदा चुकतात, माणसं एकमेकांच्या कॉलरला लोंबकळतात आणि मिनिटाच्या आत दोघांनाही धाप लागते. डोक्याच्या हाडावर नुसती मूठ मारणाऱ्याची करंगळीमागची हाडं मोडू शकतात. डॉक्टरांच्या भाषेत त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर असं नावच आहे. म्हणून मी मारणाऱ्याच्याही श्वासाचा ट्रॅक ठेवते. शर्टाची शिवण उसवल्याचा एक बारीक 'टर्र' दहा ठोशांचं काम करतो.

कधी सेटवर ब्लँकचा (पुढे गोळी नसलेल्या, नुसत्या दारूच्या काडतुसाचा) बार रेकॉर्ड करायला पाठवलं तर कान झाका आणि नळीच्या रेषेत उभं राहू नका. ब्लँक म्हणजे खेळणं नव्हे. १९९३ मध्ये अमेरिकेत ब्रँडन ली हा नट शूटिंगमध्ये गेला, तो नळीत अडकून राहिलेलं गोळीचं टोक नंतर झाडलेल्या ब्लँकने बाहेर ढकललं म्हणून.

मिक्सच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायच्या, दिवशी निर्माता ढिशुम मागणारच. वाद घालू नका. दोन ट्रॅक तयार ठेवा, एक दबका, एक ढिशुमचा. आधी दबका ऐकवा, मग दोन्ही मिळून, आणि ढिशुमचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हळूहळू खाली आणत राहा. त्या रिव्हॉल्वरच्या फिल्ममध्ये सर तो कितीवर आणून थांबले ते मी वहीत लिहून ठेवलंय: उणे अकरा डेसिबल.