बीपी नॉर्मल दिसतंय, तरी हृदय असं तपासा

वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाचा डावा कप्पा जाड होत जातो, आणि होताना दुखत नाही. अजिंक्यताऱ्याचा चढ पूर्वी न थांबता चढत होता आणि आता दोनदा टेकावं लागतं, तर ते वयावर ढकलू नका. रात्री आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून जास्तीची उशी लागणं, संध्याकाळी पायांवर सूज येणं हेही डॉक्टरांना सांगा.

सुरुवात घरच्या मोजणीनं करा. दंडावर बांधायचं मशीन घ्या. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटा जास्त येतो. चहा, मिश्री, तंबाखू किंवा व्यायामानंतर अर्धा तास थांबा, लघवीला जाऊन या, पाठ टेकून 5 मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा आणि पुढे ज्या हातावर जास्त येतं तोच धरा. सात दिवस सकाळी बीपीच्या गोळीआधी आणि रात्री, मिनिटभराच्या अंतरानं दोन-दोनदा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती 135/85 किंवा त्याहून जास्त असेल, तर दवाखान्यात 130 दिसलं तरी बीपी आटोक्यात नाही.

नाडीही बघा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजा. ठोके अनियमित पडत असतील तर लवकर ईसीजी काढा; अशा लयीत हृदयात गुठळी होऊन लकवा येऊ शकतो.

ईसीजी साफ आला म्हणून निश्चिंत होऊ नका, जाड झालेला कप्पा त्यात अनेकदा सुटतो. टू-डी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, त्या कप्प्याच्या भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. ती साधारण 6 ते 10 असते. रिपोर्टात 12-13 असेल तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. सोबत क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण तपासा. ही शेवटची तपासणी बऱ्याचदा राहून जाते. ते प्रमाण 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या वर आणि पुन्हा तपासूनही तसंच आलं, तर बारीक रक्तवाहिन्यांना इजा होऊ लागलेली असते.

उसाच्या कामात पाठ धरली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेतली जाते. ती बीपी वाढवते आणि मूत्रपिंडावर ताण आणते, म्हणून रोज घेत असाल तर लपवू नका. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, लोणचं-पापड-खर्ड्यातलं धरून.

छातीत दडपण, घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ आली, तर बीपी मोजत बसू नका, 108 लावा.