गावातल्या जुन्या दुकानदार-कार्यकर्त्याचे चरित्र कसे लिहावे

गावात पन्नास-साठ वर्षे दुकान चालवून त्याबरोबर वाचनालय, तालीम, पतपेढी, शाळेची इमारत अशी कामे अंगावर घेणारा एखादा वृद्ध गृहस्थ असतो. त्याचा अमृतमहोत्सव किंवा सहस्रचंद्रदर्शन जवळ आले की समिती बसते, स्मरणिका काढण्याचे ठरते आणि चरित्रलेखाचे काम गावातल्या लिहित्या माणसाकडे, बहुधा निवृत्त शिक्षकाकडे, येते. असे लेख मी बरेच वाचले आहेत आणि काही लिहिलेही आहेत. त्यांतल्या बहुतेकांत दानशूर, अजातशत्रू, हसतमुख अशी विशेषणे इतकी दाट असतात की नाव बदलले तर तोच लेख शेजारच्या तालुक्यातल्या दुकानदारालाही चालावा. हे टाळायचे असेल तर लेखाची सुरुवात त्या माणसाच्या वह्यांपासून करावी. दुकानदाराने आयुष्यभर रोज रात्री दुकान बंद करताना काहीतरी लिहिलेले असते. इतका सलग लेखी पुरावा साहित्यिकांच्याही मागे क्वचितच उरतो.

कामाला किमान सहा महिने हाताशी ठेवावेत आणि समारंभाची तारीख ठरण्यापूर्वीच जन्मतारखेचा प्रश्न मिटवून घ्यावा. एक हजार पौर्णिमा मोजल्या तर सुमारे ८० वर्षे १० महिने होतात, त्यामुळे सहस्रचंद्रदर्शन ८१व्या वर्षी करण्याची रीत आहे. पण त्या पिढीतल्या असंख्य लोकांची शाळेतली जन्मतारीख १ जून अशी आहे, कारण मुलाला शाळेत घालताना वडिलांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी स्वतःच ती लिहून मोकळे होत. म्हणूनच एकट्या शाळेच्या जनरल रजिस्टरवर विसंबू नये. घरात पत्रिका असेल तर ती पाहावी, आणि तहसील कचेरीत गावचे जुने कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूंची नोंदवही, मिळाले तर त्यातली जन्मनोंद शोधावी. पत्रिकेत शक दिलेला असतो. त्यात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या जन्मासाठी ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतच्या जन्मासाठी ७९ मिळवले की इसवी सन येतो.

वह्या मागताना संकोच बाळगू नये, पण मागण्याची पद्धत असावी. घरच्या मुलांना वाटते की जुनी उधारी उकरून निघेल, कुणाचे तरी नाव चारचौघांत जाईल, किंवा विक्रीकराच्या काळातले काही बाहेर येईल. म्हणून पहिल्याच भेटीत सांगावे की वही घराबाहेर नेणार नाही, पानांचे फोटो त्यांच्यासमोरच काढीन आणि कोणत्याही गिऱ्हाइकाचे नाव लेखात येणार नाही. हा शब्द मग पाळावाही. माळ्यावरचा बस्ता, म्हणजे कापडात बांधलेले वह्यांचे गाठोडे, खाली काढला की त्यावरची धूळ कोरड्या कापडाने हलकेच पुसावी, पाने चिकटलेली असतील तर ओढू नयेत, आणि थुंकी लावून पान उलटण्याची सवय त्या दिवसापुरती तरी घरी ठेवून यावी.

वह्या दोन प्रकारच्या असतात, हे नव्या लेखकाने आधी समजून घ्यावे. किर्द ही रोजची, तारखेच्या क्रमाने लिहिलेली असते. तिच्यात डावीकडे जमा म्हणजे आलेली रक्कम, उजवीकडे नावे म्हणजे गेलेली किंवा येणे असलेली रक्कम, आणि शेवटी गल्ल्यातली शिल्लक. खतावणीत तेच व्यवहार माणसागणिक आणि खात्यागणिक उतरवलेले असतात. चरित्रासाठी किर्द दिवस सांगते आणि खतावणी नाते सांगते. जुन्या व्यापाऱ्यांचे वर्ष दिवाळीला सुरू होई आणि पहिल्या पानावर श्रीकाराखाली विक्रम संवत् लिहिलेला असे. त्यातून दिवाळी ते डिसेंबर या काळासाठी ५७ आणि जानेवारीनंतर ५६ वजा करावेत. १९८९ पासून आयकरासाठी ३१ मार्चलाच वर्ष संपवणे सर्वांना बंधनकारक झाले. त्यानंतरही पूजनाची वही दिवाळीची आणि हिशेबाची वही मार्चअखेरची, अशी दुहेरी व्यवस्था अनेक दुकानांत राहिली. सर्वांत जुन्या वह्या मोडी लिपीत लिहिलेल्या निघाल्या तर घाबरण्याचे कारण नाही. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे प्रशिक्षणवर्ग भरतात आणि तिथून शिकून आलेला कुणीतरी जिल्ह्याच्या ठिकाणी सापडतोच.

तारीख नसलेल्या पानाचा काळ नाण्यांवरून आणि वजनांवरून ठरवता येतो. रुपया सोळा आण्यांचा असेल तर पान साधारणपणे १ एप्रिल १९५७ पूर्वीचे; त्या दिवसापासून रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, आणि नाण्यांवरचा ‘नवे’ हा शब्द १९६४ मध्ये गेला. वजने मात्र १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बदलली, त्यामुळे पैसे नवे आणि वजन शेराचे अशी पानेही आढळतात. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम आणि चाळीस शेरांचा मण म्हणजे ३७ किलोंहून थोडा अधिक, हे हाताशी असावे. खुणा कितीही सोयीच्या असल्या तरी काही दुकानदार सवयीने पुढची दोन-चार वर्षे आण्यांतच लिहीत राहिले, म्हणून एका खुणेवर वर्ष ठोकून देऊ नये.

माझी स्वतःची एक मोठी चूक इथे सांगतो. एका किराणा दुकानदाराच्या खतावणीत बहात्तरच्या दुष्काळातली अनेक कुटुंबांची खाती होती. ज्वारी, गोडेतेल, काडेपेटी, गूळ असे महिनोन्महिने नावे पडत गेलेले, आणि दिवाळीच्या सुमाराला पूर्ण रक्कम जमा होऊन खाते सारखे झालेले. मी टिपणात लिहून ठेवले की इतक्या कठीण वर्षीही लोकांनी उधारी फेडली. दुकानातले जुने दिवाणजी ते ऐकून हसले आणि त्यांनी वहीच्या शेवटची पाने उघडली. तिथे वटाव खाते, म्हणजे सूट म्हणून सोडलेल्या रकमांचे खाते, होते. एकेका कुटुंबाच्या खाती जी रक्कम जमा दिसत होती, नेमकी तीच त्याच तारखेला वटाव खाती नावे पडली होती. एक पैसाही आलेला नव्हता. दुकानदाराने बाकी सोडून दिली होती आणि गिऱ्हाइकाचे पान मात्र फेडल्यासारखे स्वच्छ ठेवले होते. बुडीत हा शब्द त्या पानांवर कुठेच नव्हता. म्हणून वटाव खाते आणि धर्मादाय खाते ही दोन पाने पाहिल्याशिवाय कोणत्याही दुकानदाराच्या औदार्याबद्दल किंवा कंजूषपणाबद्दल एक ओळही लिहू नये. धर्मादायाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी: बाजारपेठेत धर्मादाय बहुतेकदा गिऱ्हाइकाकडूनच थोडाथोडा घेतलेला असे. त्या पैशातून पाणपोई बांधली असेल तर ती दुकानदाराने विश्वस्त या नात्याने बांधली, पदरमोड करून नव्हे, हा फरक लेखात स्पष्ट राहिला पाहिजे.

वह्या वाचून झाल्यावरच मुलाखतीला बसावे. ‘आपण समाजसेवेकडे कसे वळलात’ या प्रश्नाला ‘देवाने दिले, आपण वाटले’ हेच उत्तर मिळणार, कारण सत्काराच्या भाषणांत ते अनेकदा देऊन झालेले असते. त्याऐवजी अरुंद प्रश्न विचारावा: टँकर आला की रांग कोण लावी, वाचनालयाची किल्ली कुणाकडे असे, वर्गणीला गेल्यावर कोणत्या घरी चहा मिळे आणि कोणत्या घरी नुसतेच पाणी. वर्ष आठवत नसेल तर ते विचारत बसू नये. मोठ्या घटनेच्या अलीकडे की पलीकडे, असे विचारावे. साताऱ्याकडच्या माणसाला ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवतो, पुण्याच्या नदीकाठच्याला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, लातूर-धाराशिवकडच्याला गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेचा, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. बहात्तर साल तर दुष्काळात वाटलेल्या तांबड्या मिलो ज्वारीवरून, सुकडीच्या खाऊवरून आणि खडी फोडण्याच्या कामावरून कुणालाही सांगता येते.

बैठक सकाळची, पाऊण तासाहून अधिक नाही आणि शक्यतो दुकानातच असावी. एका वयोवृद्ध दुकानदाराला घरच्या सोफ्यावर काहीच आठवेना, तेव्हा मी त्यांच्या हाती वर्तमानपत्राचा चौकोन, मूठभर शेंगदाणे आणि दोऱ्याचे रीळ दिले. त्यांनी न बघता पुडा वळला, तळ मुडपला, दोऱ्याचे दोन वेढे देऊन बोटाभोवती झटका मारून दोरा तोडला आणि मग आपोआप बोलू लागले: असे पुडे पुराच्या वेळी शाळेत उतरलेल्या लोकांसाठी रात्रभर बांधले होते, दोरा संपला तेव्हा जुन्या धोतराच्या चिंध्या काढल्या होत्या. फोनवर ध्वनिमुद्रण करावे, पण त्या वेळी फोन येऊ नये अशी व्यवस्था करून.

दुकानदाराइतकेच महत्त्व त्याच्या पत्नीच्या म्हणण्याला द्यावे, आणि ते ऐकायला त्यांच्या यजमानांच्या गैरहजेरीत जावे. दुकानदार समाजकार्याला बाहेर पडे तेव्हा गल्ल्यावर कोण बसे, गणपतीत पंचवीस कार्यकर्ते अचानक जेवायला आले की पिठाचा डबा कोण खरवडे, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे शाळेच्या पत्र्यांसाठी दिले गेले तेव्हा घरात किती दिवस अबोला होता, हे सारे काकूच सांगू शकतात. दुकानातला गडी, हमाल आणि शेजारचा प्रतिस्पर्धी दुकानदार यांनाही भेटावे. प्रतिस्पर्ध्याकडून मिळालेले कौतुक थोडे असले तरी वजनाचे असते.

संस्थांच्या बाबतीत आठवणीपेक्षा कागद बरा. वाचनालय, मंदिर किंवा शिक्षणसंस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्तांची नोंद आणि वेळोवेळी दिलेले बदल अर्ज मिळतात. ‘संस्थापक’ म्हणून मिरवणारे नाव तिथे पंधरा वर्षांनी उगवलेले दिसते, असेही घडते. अनुदानित वाचनालयाचा दर्जा अ, ब, क की ड आणि तो केव्हा बदलला हे त्याच्या दप्तरात असते. ग्रामपंचायतीचे ठरावबुक आणि सोसायटीची इतिवृत्ते चाळली की अनुमोदक म्हणून कुणाचे नाव पुन्हा पुन्हा येते ते कळते. सूचना मांडणाऱ्यापेक्षा अनुमोदन देऊन काम निस्तरणारा माणूस चरित्रलेखकाला अधिक उपयोगी असतो.

लिहिताना धंदा एका प्रकरणात आणि सेवा दुसऱ्या प्रकरणात, अशी वाटणी करू नये. आपल्याकडे ही खोड जुनी आहे. जोतीराव फुले यांची १८४८ ची मुलींची शाळा आणि सत्यशोधक समाज सर्वांना ठाऊक असतो, पण ते कंत्राटदारीच्या व्यवसायातही होते आणि पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचा संबंध होता, हे पुष्कळांच्या गावीही नसते. गावच्या दुकानदाराचे दुकान हेच त्याचे कार्यालय असते: तिथेच अर्ज लिहिले जातात, तिथेच भांडणे मिटतात, तिथेच रुग्णवाहिकेसाठी फोन होतो. या कामांमुळे दुकानाची गिऱ्हाइकी वाढली असेल तर तेही लिहावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि लपवले तर गावाला कळतेच.

दोषांचे काय, हा प्रश्न समितीत हमखास निघतो. माझे मत असे की गौरवलेखातही एक-दोन दोष आलेच पाहिजेत, पण ते कामाशी जोडलेले असावेत. तापट स्वभाव, कुणाचे न ऐकता घेतलेला निर्णय, पतपेढीत चुकीच्या माणसाला दिलेला जामीन, यांचा परिणाम संस्थेवर झाला असेल तर लिहावा. भावाभावांची वाटणी, आजारपणे आणि सुनांचे संवाद लिहू नयेत. मदत घेतलेल्यांची नावे तर कोणत्याही कारणाने छापू नयेत, त्यांनी स्वतः आनंदाने सांगितली तरीही, कारण त्यांची नातवंडे आता त्याच गावात दुकाने चालवत असतात. ‘एका विधवा शिवणकाम करणाऱ्या बाईंना’ असे लिहिले तरी लहान गावात ओळख पटते. तेव्हा माणूस पुसून व्यवहार ठेवावा: इतक्या खात्यांवरची इतकी बाकी अमुक वर्षी सोडली.

वाक्य तपासण्याची माझी एक साधी कसोटी आहे. ‘त्यांनी गोरगरिबांना सढळ हाताने मदत केली’ या वाक्याला कोणती वही, कोणते वर्ष, किती पायली, असे विचारावे. उत्तर मिळाले तर ते उत्तरच वाक्य म्हणून लिहावे, आणि न मिळाले तर वाक्य काढून टाकावे. पंधरा पानांचा लेख यामुळे सात पानांवर येतो आणि समितीचे सचिव नाराज होतात. जाहिरातींना जागा अधिक मिळेल, असे सांगून त्यांची समजूत घालावी.

छपाईपूर्वी लेख ज्यांच्यावर आहे त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, कारण त्या वयात डोळ्यांपेक्षा कान आणि कानांपेक्षा आठवण तिखट असते. ते स्तुतीला मान हलवतील आणि एखाद्या तेलाच्या डब्याच्या भावावर मात्र हटकून अडतील. ती दुरुस्ती त्यांच्यादेखतच कागदावर करावी. अंक निघाल्यावर एक प्रत वाचनालयाला आणि एक शाळेला द्यावी, वह्यांच्या फोटोंची एक प्रत घरच्यांकडे सोपवावी, आणि मूळ वह्या सुती कापडात बांधून, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवून, ओल न येणाऱ्या भिंतीशी परत ठेवाव्यात. बस्त्यावर संवत् आणि इसवी सन दोन्ही लिहिलेली चिठ्ठी बांधायला विसरू नये.